चौकटीबाहेरचं स्टूल

ओट्यावर कलत्या ठेवलेल्या ताटलीतून चमचा घसरला आणि खणकन फरशीवर पडला. लॅपटॉपपुढे बसलेल्या तिने श्वासच रोखला. आतल्या खोलीत भुंगीने कूस बदलल्यासारखं वाटलं. मग पुन्हा शांत. मुलीचं खरं नाव वेगळं होतं; पण बोलायला लागल्यापासून ती प्रश्नांची गुणगुण घेऊन आईच्या मागे फिरे, म्हणून भुंगी. आता साडेचार वर्षांची होती. ती दुपारी झोपे तेवढाच वेळ आईचा. बाकी सगळा दिवस भुंगीचा.

फोन थरथरला. छपाईवाले काका.

"ताई, मशीन तापलंय. आता मीही तापायला लागलोय. पाच फोटो आले, सहावा कुठे अडकला?"

"चारला देते काका. नक्की."

"चार म्हणजे आजचेच ना?"

ती हसली खरी, पण पायाचा अंगठा फरशीवर टकटक आपटतच होता. लेक झाल्यानंतरचं हे पहिलंच काम. रुग्णालयाला मोठ्या जिन्याच्या भिंतीवर सहा फोटो हवे होते. विषय, दवाखान्यातला एकटेपणा. शिकाऊ डॉक्टर आणि नर्स रोज तो जिना चढतात, त्यांच्या नजरेला ते पडावेत म्हणून. पाच फोटो बरे होते. रिकामी व्हीलचेअर, पडद्याखालून दिसणारी पावलं, खिडकीच्या काचेला टेकलेलं कपाळ, असे. सहावा मधोमध लागायचा होता, सगळ्यांत मोठा. तो गाजला तर पुढची कामं येतील. नाहीतर चार वर्षं कपाटात पडलेला कॅमेरा पुन्हा कपाटात.

तसा सहावा जमलाही होता. नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा. जन्मभर शिंपीकाम केलेले, एकोणीस दिवस दाखल असलेले. "यांच्याकडे कुणी फिरकत नाही," नर्स म्हणाली होती. "तुम्हाला हवा तसाच माणूस." फोटो काढू का, असं विचारल्यावर आजोबा म्हणाले, "काढा की. मी कुठे पळून जातोय?"

तिची कामाची एक रीत होती. कॅमेरा डोळ्याला लागला की बोलायचं नाही. भिंत होऊन जायचं. माणूस आपल्याला विसरला की मगच खरा दिसतो. त्या दिवशी ती चाळीस मिनिटं भिंत होऊन उभी राहिली. आजोबा आधी दोन-चार वाक्यं बोलले. उत्तर येईना, तेव्हा गप्प झाले. आणि मग त्यांचा हात उठला. खाटेच्या कडेबाहेर, हवेत, पंजा खाली, बोटं पसरलेली. नसलेल्या माणसाला चाचपत असावेत तसा. तिने भराभर अकरा फोटो घेतले.

त्यातला चौथा आता समोर होता. खालचा भाग तिने कापून टाकला होता. तिथे एक स्टूल मधे येत होतं, नुसता पसारा. आता उरली होती फक्त खाट, भिंत आणि तो अधांतरी हात. खाली ओळही लिहून झाली होती : 'पलीकडे कुणीच नाही.' काळजाला हात घालेल असा फोटो. तरी पाठवायचं बटण दाबवत नव्हतं. ती दोनदा उठून पाणी पिऊन आली. चमचा उचलून ठेवला. कापण्याआधीचे सगळे अकरा फोटो पुन्हा उघडले. काहीतरी सलत होतं, काय ते हाती लागत नव्हतं.

"आई, संपलं?" भुंगी दारात उभी. केस विस्कटलेले, एकाच पायात मोजा.

"पाचच मिनिटं, राणी."

"सकाळी पण पाचच होती," असं म्हणत भुंगी मांडीवर चढलीसुद्धा. "हे आजोबा कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत गं. थांब, कशाला हात लावू—"

पण भुंगीने बाणाचं बटण दाबून धरलं होतं. फोटो एकामागून एक पळायला लागले. हात वर. हात खाली. वर. खाली. भुंगी खिदळली. मग एकदम थांबली.

"आई, तुझी पिशवी! माझा मासा आहे तिच्यावर!"

स्टुलावर कॅमेऱ्याची पिशवी होती. भुंगीने चिकटवलेल्या केशरी माशासकट. त्या दिवशी ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आईनेच ती तिथे ठेवली होती. पिशवीशेजारी वीतभर जागा उरली होती. आजोबांचा हात त्या जागेवर टेकत होता, उठत होता, पुन्हा टेकत होता.

"मी करते तसंच करतायत," भुंगी म्हणाली. मांडीवरून घसरून ती खाली उतरली आणि तिने शेजारच्या खुर्चीवर तळहात आपटला. थप, थप. रोज जेवताना आईला बोलवायची तिची हीच खूण. आणि रोज "आले हं, आले," म्हणत आई ओट्यापाशी उभीच.

"बस ना म्हणतायत. इथे, पिशवीजवळ."

फोन पुन्हा थरथरला. चार वाजले होते. आईने तो उचलला नाही. तिचं बोट बाणाच्या बटणावर गेलं. हात वर. हात खाली. चौथ्या फोटोत वर. पाचव्यात खाली. अकराव्यात तो चादरीवर परत गेलेला होता.

भुंगी चवड्यांवर उंच झाली. पडद्यावरच्या स्टुलावर तिने बोट ठेवलं, आणि आईकडे वळून विचारलं,

"मग तू बसलीस?"