अठ्ठेचाळीस तास

वीज मोजायच्या यंत्रावरचा आकडा पुन्हा शून्याशी येऊन टेकला, तेव्हा बाईंनी त्याची वायर काढून परत लावली. नाडी लागत नाही म्हटल्यावर माणूस दुसरा हात चाचपून बघतो, तसं.

बॅटरीत घालायच्या त्या पापुद्र्यापायी बाईंची सात वर्षं गेली होती. नखाहून पातळ आणि कोरडा ठणठणीत. आत पेटणारा द्रव थेंबभरही नको, म्हणजे बॅटरी कधी भडकायची नाही, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. वर्षभरात केलेल्या अकराही पापुद्र्यांनी वीज झकास वाहून नेली होती. उद्या दहाला समिती येणार आणि त्या अकरांच्या जिवावर प्रयोगशाळा चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवणार. बारावा पापुद्रा बाईंनी पहिल्यांदाच स्वतः वाळवला होता. तो मेलेला निघाला.

"काका, ओव्हन किती तास ठेवता हो?"

काका प्रयोगशाळेतले जुने मदतनीस; आधीचे अकरा त्यांनीच वाळवले होते. हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणाले, "तुम्ही सांगितलेत तेवढेच."

"अठ्ठेचाळीस?"

काकांनी आणखी एक घडी घातली. "पूर्ण ठेवला की कडेनं वळायचा, बाई. तडे जायचे. तुमचा चेहरा बघवायचा नाही. म्हणून विसाव्या तासालाच काढायचो. छान मऊ निघायचा."

बाईंच्या लक्षात आलं. वर्षभर वीज पापुद्र्यातून गेलीच नव्हती. पापुद्रा करताना घातलेल्या आणि त्यात न सुकता राहिलेल्या द्रवातून गेली होती. त्याच, पेटणाऱ्या.

"मनापासून केलं हो मी. रोज हात जोडून आत ठेवायचो."

"देव भावाचा भुकेला असतो, काका," बाई म्हणाल्या. "यंत्र नसतं."

त्यांना रागवायचं होतं. आळसानं केलेल्या चुकीवर ओरडता येतं. मायेनं केलेल्या चुकीला कुठल्या तोंडानं बोलायचं?

काकांनी कपाटातून डबी काढून पुढे केली. "माझ्या हातचा एक उरलाय. उद्या हाच दाखवा ना. कुणाला कळतंय?"

बाईंनी तो मऊ पापुद्रा तळहातावर घेतला. बराच वेळ बघितला. मग ओव्हन उघडून आत ठेवला आणि त्याच्या घड्याळाचा काटा अठ्ठेचाळीसवर नेला.

"अहो, समिती तर उद्याच येणार."

"येऊ दे."

संध्याकाळी काचेआड पापुद्र्याची कड हळूहळू वर उचलू लागली. काका फडक्यानं कोरडंच टेबल पुसत राहिले. त्यांनी काचेकडे पाहिलं नाही, आणि बाईंच्या चेहऱ्याकडेही नाही.