सरकारी कोट

न्यूझीलंडला आणून वसवलेल्या म्हाताऱ्या पेन्शनर शिपायांना सरकारची अट होती: सात वर्षं दर रविवारी निळा कोट चढवून कवायतीला उभं राहायचं, तरच घर आणि एकरभर जमीन आपली. कॉर्नेलियस तापानं फणफणतानासुद्धा उभा राहिला. गेल्या आठवड्यात जमिनीचा कागद एकदाचा हातात पडला.

या रविवारी तो फिरकलाच नाही. कॅप्टन घोड्यावरून तणतणत आला, तर बटाट्याच्या शेतात निळा कोट पाठ करून उभा.

"कागद मिळाला म्हणून माज आला काय रे? वळ इकडे! सलाम ठोक!"

कोट ढिम्म हलेना.



घराच्या दारात पाइप ओढत बसलेला कॉर्नेलियस म्हणाला, "ओरडा साहेब, अजून ओरडा. नुसत्या बुजगावण्याला पाणकोंबड्या भीक घालत नाहीत."