तानुबाईची फाइल

"ही फाइल बंद होणार नाही," सुमनताईंनी पिशवी टेबलावर आपटली. "माझ्या सहीशिवाय तर नाहीच."

मोशीच्या ऑफिसात सुजित एकटाच होता. तिशीतला मुलगा, अडलेल्या घरांना हात देणाऱ्या त्यांच्या संस्थेचं सगळं कामकाज तोच बघायचा. त्यानं पाणी आणि बिस्किटांचा पुडा पुढे सरकवला.

"ताई, तीन दिवस फोन लावतोय. बंद आहे तुमचा."

"मला त्या फोनची कटकट नको. फाइलचं बोल."

सात वर्षं सुमनताई दर शनिवारी कुरुळीला तानुबाईच्या पत्र्याच्या खोलीत जात होत्या. बाकीचे कार्यकर्ते स्कूटरवर फिरत. सुमनताई मात्र चिंबळी फाट्यावरच्या आपल्या घरापासून पायी जात, चालणं प्रकृतीला चांगलं म्हणून. तानुबाईच्या नवऱ्याची, भिवाची, बोटं कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये गेली तेव्हा ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझ्याकडे नव्हताच. सुमनताईंनी त्याला कंपनीच्या गेटवर चारचौघांत असा फैलावर घेतला, की दवाखान्याचा खर्च त्यानं मुकाट्यानं दिला. तानुबाईला लिहाय-वाचायलाही त्यांनीच शिकवलं. आणि तिथं ताट पुढे आलं की त्या कधी नाही म्हणत नसत. गरिबाचा मान मोडू नये, हे नव्या पोरांना त्या बजावून सांगत. दोन भाकरी खात, आग्रह झाला तर तिसरीही, आणि डबा दिला तर घरी नेत.

आता हा पोरगा म्हणतो, फाइल बंद.

"भिवाभाऊंना वॉचमनची नोकरी लागली, पोरगी नर्सिंगला गेली," सुजित म्हणाला. "घर सावरलं, ताई."

"सावरलं म्हणे! वाकडच्या देणगीदारांना फोटो दाखवून टाळ्या घ्यायच्यात तुम्हाला. उद्या नोकरी गेली की कोण जाणार तिथं, तू? मी येत्या शनिवारी जाणार. बघतेच कोण अडवतं."

रागाच्या भरात बिस्किटांचा पुडा कधी संपला, त्यांनाही कळलं नाही.

"फाइल आम्ही नाही बंद केली. तानुबाईच चार दिवसांपूर्वी येऊन सांगून गेल्या. म्हणाल्या, 'आमचं भागतंय आता. मलाबी एक घर धरायचंय.'"

सुमनताईंना कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. सावरलेल्या घरानं दुसरं अडलेलं घर धरायचं, ही रीत त्यांनीच घालून दिली होती. पण त्यांना न विचारता?

"कुठलं घर? लोक फसवतात तिच्यासारख्या भोळ्या बाईला. फॉर्म दे इकडे."

"ताई, राग मानू नका, पण..."

त्यांनी फॉर्म ओढूनच घेतला. नाव आधी वाचायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. नावावरून जात कळते, मन वाकडं होतं. म्हणून नावावर तळहात ठेवून त्यांनी आधी कारण वाचलं. तानुबाईचं अक्षर मोठं आणि ठसठशीत होतं.

'बाई एकटी हाय. मालक गेल्यापासून चूल रोज पेटत न्हाई. मानी हाय, मागणार न्हाई. म्हणून आपणच जायचं.'

सुमनताई भडकल्या. "आणि हे इतकी वर्षं आपल्या एकाच्याही लक्षात येऊ नये? लाज वाटायला हवी आपल्याला."

सुजितनं मान खाली घातली.

त्यांनी तळहात उचलला. सुमन जयसिंग येळवंडे, चिंबळी फाटा.