भाट्याहून परतताना

"रोज भाट्यापर्यंत चालते आणि वजन वाढवून येते. नवलच आहे," एसटी स्टँडवरच्या काट्यातून पडलेलं माझं वजनाचं कार्ड घरी उलटसुलट करत हे पुटपुटले.

मुलं मोठी झाल्यावर, डॉक्टर रागावले म्हणून, मी सुटलेलं फिरणं पुन्हा धरलं होतं. आता लपवून काय उपयोग? मान खाली घालून सांगून टाकलं, "येताना मैत्रिणीकडे, हिराकडे थांबते. ती तव्यावरून घावनं वाढते, मी बसून खाते."

"आपल्याकडे घावनं होत नाहीत? कालच तर सगळ्यांनी हाणली."

आमची लेक सावनी फिसकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वयात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून खायचं, म्हणजे हावरटपणाच की. उद्यापासून फिरणं बंद, असं मी म्हणणार, तोच लसूण सोलत बसलेल्या सासूबाई बोलल्या.



"दिगू, या घरात तव्याशी उभ्या बाईला गरम घावन कधी कोणी वाढलंच नाही रे. आधी मला नाही, मग हिला नाही."