दहा मिनिटं पाय लावायचा नाही

"स्क्रूला हात लावू नकोस!" तो पलंगावरून ओरडला. "त्यावर रंगाचा ठिपका आहे ना? तो कंपनीने बसवलेला असतो. कार्ब्युरेटरचे, स्क्रू पिळायचे दिवस गेले आता."

"नाही लावला हो," खिडकीखालून बायकोचा आवाज आला.

पंचवीस वर्षं तो मेकॅनिक होता. सहा वर्षांपूर्वी अंगावर गिअरबॉक्स पडला आणि कमरेखालचं शरीर नावापुरतं उरलं. पडल्या पडल्या खिडकीतून फक्त आकाश दिसायचं. कान तेवढे शाबूत होते, त्यांच्यावरच तो जगत होता. रिकामा माणूस दुसरं करणार काय?

महिनाभर गाडी उभ्या जागी बोंबलत होती. आयडलिंगचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या खाली येईनात. काल बायको म्हणाली, "तुम्ही सांगा, मी करते." सहा वर्षांत त्याला कुणी गाडीतलं काही विचारलं नव्हतं.

"एअर फिल्टरचा पाइप काढलास? आत चकतीसारखी झडप दिसेल, थ्रॉटलची. कडेला काजळी आहे?"

"काळीकुट्ट."

"म्हणून ती पुरती मिटत नाही. फडक्यावर स्प्रे मार आणि पूस. खरवडू नकोस."

तिने पुसलं, सगळं परत जोडलं. हिचा हात चांगला आहे, असं त्याच्या मनात आलं. बोलला मात्र भलतंच.

"परवा औषधं आणायला सव्वीस मिनिटं लागली तुला. पंधरा लागतात."

"रांग होती."

"आणि आल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसती बसून होतीस."

बॉनेट लावल्याचा आवाज आला.

"बरं, किल्ली फिरव, थोडं थांब, मग स्टार्ट कर. एसी बंद. दहा मिनिटं ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. गाडी तिची ती शिकते, किती हवा घ्यायची ते."

इंजिन जरा चढलं, मग उतरत उतरत आठशेवर आलं. लोण्यासारखं. त्याचे डोळे भरून आले. आपण अगदीच टाकाऊ झालो नाही, एवढं तरी आज कळलं.

ती हात पुसत आत आली. पाण्याची बाटली, गोळ्या, फोन, सगळं त्याच्या हाताशी सरकवून ठेवलं.

"स्प्रेचा वास येतोय, खिडकी लावते." तिने खिडकी लावली. "आता इंजिन ऐकू येतंय?"

त्याने कान टवकारले. "अजिबात नाही."

"नक्की?"

"माझ्या कानांवर शंका?" तो खुशीत म्हणाला. "जा, गाडीपाशी थांब. वेळ झाली की हाक मारतो."

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि गेली.

तो घड्याळाकडे बघत पडून राहिला. दहा मिनिटं झाली.

"बंद कर गं आता!"

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने.

दार उघडलं. शेजारीण आत आली. तिच्या हातात या घराची किल्ली होती.

"तुमच्या बहीण इकडे यायला निघाल्यात, भाऊ," ती खाली बघत म्हणाली. "यापुढे त्याच राहणार आहेत म्हणे इथे. तोवर मला बसायला सांगून गेल्यात वहिनी."