शवपेटीचं माप
संध्याकाळी सुतार दुकान बंद करत होता, तेवढ्यात एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. त्याने तिला लगेच ओळखलं. तिच्याच मुलाने दारूच्या नशेत ट्रक चालवून सुताराच्या एकुलत्या एका लेकीला चिरडलं होतं. "दादा, माझा पोरगा तुरुंगात वारला," ती म्हणाली. "उद्या त्याला पुरायचंय. शवपेटीसाठी सगळीकडे फिरले. त्याचं नाव ऐकलं की लोक तोंडावर दार लावतात." आतून सुताराची बायको धावत आली. "तुम्हीही लावा दार! आपली पोर रस्त्यावर तडफडत होती, तेव्हा प्रभूला तरी दया आली का?" लेक गेल्यावरही सुतार चर्चमध्ये जायचा, पण प्रार्थनेतली क्षमेची ओळ आली की त्याचे ओठ मिटायचे. आताही म्हातारीला हाकलून द्यावं असंच त्याला वाटलं. ती पायरीवर मटकन बसली. "तसाच मातीत टाकू का हो त्याला?" सुताराने हातातलं कुलूप बाजूला ठेवलं. मग त्याने विचारलं, "उंची किती होती?" म्हातारी गोंधळली. उठून तिने हात स्वतःच्या डोक्यावर वीतभर धरला. "एवढा... एवढा होता." सुताराने एक लांब फळी ओढून काढली. "मी त्याला माफ केलेलं नाही," बायको हुंदके देत म्हणाली. "मीही नाही," तो म्हणाला. "ते टोक धर." बायको तशीच उभी राहिली. करवत चालू झाली, फळी हलू लागली, आणि तिने रडत रडत दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.