ग्रहणातली सुई

“पाटल्या मोडू, पण लेझर करून पोरीचा चष्मा जाऊ द्या,” म्हणत अहिल्याने पाटल्यांची डबी नवऱ्यापुढे सरकवली.

प्रभाकरने ती उघडलीसुद्धा नाही. “पैशाची गोष्ट नाही वं. मागून डोळे कोरडे पडतात. रात्री समोरच्या गाडीच्या लाइटाभोवती वलयं दिसतात. जन्मभर सोसा लागते.”

“मोबाइलवर वाचू वाचू पोरीले घाबरवून राह्यले तुमी!”

सवयीने खिशातली बाटली काढून त्याने डोळ्यांत दोन थेंब सोडले. भाताच्या भुशीचा त्रास आहे, असं तो लग्नापासून सांगत आला होता. किरनापूरच्या ऑफिसातून दिवस मावळायच्या आत घर गाठायचा. अंधारात मोटरसायकल नको म्हणायचा. अहिल्या त्याला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची.

तिला स्वतःचं मन मात्र खात होतं. श्रद्धा पोटात असताना, ऐन ग्रहणात, तिने प्रभाकरच्या शर्टाचं बटण शिवलं होतं. त्याला ऑफिसची घाई होती, ती बिचारी नाही कशी म्हणणार? सहाव्या वर्षी पोरीला जाड भिंगांचा चष्मा लागला आणि सासूबाई म्हणाल्या, “गिराणात सुई धरली, लेकराच्या डोळ्याले लागली.” मरेपर्यंत त्यांनी हा हेका सोडला नाही. विषय निघाला की प्रभाकर उठून अंगणात जायचा. श्रद्धा हसण्यावारी न्यायची. पण पोरीच्या नाकावरचा घट्टा दिसला की अहिल्याला अपराध्यासारखं व्हायचं.

शेवटी तिघं गोंदियाच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी श्रद्धाला तपासलं. “बुबुळावरचा पडदा पातळ आहे. लेझरने आणखी पातळ होईल, धोका आहे. घरात कुणाला एवढा नंबर होता?”

“कोणालेच नाही,” अहिल्याचे डोळे भरून आले. “माह्याच हातून पाप झालं, मॅडम.” आणि तिने सुईची गोष्ट सांगून टाकली.

“अहो, हे घराण्यातून येतं, सुईतून नाही. दोघांचे डोळे बघू द्या.”

अहिल्याचे ठणठणीत निघाले.

“माहे काहून?” प्रभाकर दाराकडे सरकला.

“बसा ना बाबा,” श्रद्धाने हाताला धरून त्याला बसवलं. त्याने यंत्रावर हनुवटी टेकवली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. “ही तर लेझरची खूण आहे. किती वर्षं झाली?”

प्रभाकरने हनुवटी उचलली नाही.

“लग्नाच्या दोन महिने आधी,” तो म्हणाला. “आईनंच नेलतं नागपूरले.”